रग्बीची निवड चाचणी कशी घ्यावी: गोव्यातल्या नव्या निवडकर्त्यांसाठी

गोव्यातल्या मुलाला किंवा मुलीला राष्ट्रीय कनिष्ठ संघापर्यंत जायचं असेल तर वाट अशी आहे: शाळा किंवा क्लब, राज्याची निवड चाचणी, राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धा, तिथून राष्ट्रीय शिबिर आणि शेवटी बारा नावं. यातली राज्याची चाचणी आपल्या हातात असते, आणि घाईत उरकली जाते तीही तीच. एका सकाळी चाळीस मुलं मैदानात उतरवली की नजर आपसूक उंच, दांडग्या आणि जोरात पळणाऱ्या मुलांवर खिळते. पळणं, उंची, वजन चटकन दिसतं. पडल्यावर लगेच उठणं, पास दिल्यावर पुन्हा आधाराला जाणं, समोरचा बचावपटू खेचून घेऊन मग चेंडू सोडणं हे मुद्दाम बघितल्याशिवाय दिसत नाही. म्हणून चाचणीची आखणी अशी हवी की या गोष्टी दिसल्याच पाहिजेत.

हा लेख शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, फुटबॉलचे प्रशिक्षक आणि पहिल्यांदाच निवड समितीवर आलेल्या माजी खेळाडूंसाठी आहे. भारतात वयोगटाचं रग्बी प्रामुख्याने सेव्हन्सचं, म्हणजे सात जणांचं चालतं. २०२३ साली गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही सेव्हन्सच होतं. त्यामुळे इथला हिशेब अठरा वर्षांखालील सेव्हन्सचा धरला आहे. पंधरा जणांच्या खेळाचं वेगळं काय ते त्या त्या ठिकाणी येईल.

परिपत्रक आणि कागदपत्रं

जन्मतारखेची अट वाचल्याशिवाय एकही बिब (अंगावर घालायची आकड्याची बंडी) वाटू नका. ‘अठरा वर्षांखालील’ म्हणजे नेमकं काय ते प्रत्येक स्पर्धेचं परिपत्रक ठरवतं. कुठे १ जानेवारी धरतात, कुठे ३१ डिसेंबर, कुठे स्पर्धेचा पहिला दिवस. काही ठिकाणी खालचीही मर्यादा असते, म्हणजे पंधरा पूर्ण नसलेल्याला घेता येत नाही. ती तारीख मोठ्या अक्षरात नोंदणीच्या टेबलावर चिकटवा. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि दहावी झाली असेल तर गुणपत्रिका या चारही कागदांवर नाव आणि तारीख अक्षरशः सारखी आहे का ते पाहा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षरात, आडनावाचं स्पेलिंग दोन तऱ्हांचं, अशा बारीक फरकांवर राष्ट्रीय स्पर्धेच्या छाननीत मुलं अडकतात. दुरुस्तीला आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी चाचणीच्या निदान दोन महिने आधी करा.

पासपोर्टचा मुद्दा गोव्यात जास्त नाजूक आहे. आजी-आजोबांच्या आधारे पोर्तुगालात जन्मनोंद केलेली कुटुंबं आपल्याकडे गावोगाव आहेत. वर्ल्ड रग्बीच्या (रग्बीच्या जागतिक संघटनेच्या) नियमात खेळाडूचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म त्या देशातला असला तरी चालतो. पण भारत सरकारच्या धोरणाप्रमाणे राष्ट्रीय संघातून फक्त भारतीय नागरिक खेळू शकतात. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलेला मुलगा त्यात बसत नाही. हे पालकांना पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर आणि कुणाचं नाव न घेता सांगा. ज्याला विचारायचं असेल तो नंतर बाजूला येऊन विचारतो.

आशियाई स्पर्धा कधी भारतातच असते (२०२५ ची वीस वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धा बिहारमध्ये राजगीरला झाली), पण त्या भरवशावर पासपोर्ट लांबवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या अर्जाला आई-वडील दोघांची संमती लागते. वडील बोटीवर किंवा आखातात असतील तर एका सहीपायी दोन-तीन महिने सहज जातात.

मुलं कुठे शोधायची

फक्त रग्बी खेळणाऱ्यांनाच बोलावलंत तर यादी फार लवकर संपेल. फुटबॉल, कबड्डी, हँडबॉल, बास्केटबॉल आणि ४०० मीटर धावणारी मुलं पाहा. प्रत्येकाची शिदोरी वेगळी असते.

फुटबॉलच्या मुलाला मोकळी जागा ओळखता येते, पाय चांगले असतात, आणि सेव्हन्समध्ये ड्रॉप किक (चेंडू हातातून सोडून टप्पा पडताच मारलेली किक) मारणाऱ्याला सोन्याचा भाव आहे. पण हाताने झेलायची सवय नसते आणि दडपण आलं की हाताने दिलेला पास पुढे जातो, जो रग्बीत चालत नाही. कबड्डीचा चढाईपटू अरुंद जागेत अंग चोरून निसटतो, अंगाला अंग लागायला बिचकत नाही. मात्र त्याच्या पकडीत खांदा नसतो, नुसते हात असतात, आणि डोकं समोरच्याच्या वाटेत जातं. ही सवय मोडल्याशिवाय त्याला पूर्ण वेगाच्या सामन्यात उतरवणं धोक्याचं आहे. हँडबॉल-बास्केटबॉलवाल्यांचे हात तयार असतात. त्यांना जमिनीवर पडायला आणि पडून चेंडू मागे ठेवायला शिकवावं लागतं. ४०० मीटरवाल्यात दम आणि वेग दोन्ही सापडतात, पण तो बहुधा सरळच पळतो.

दुसऱ्या खेळातून आलेल्यांसाठी चाचणीआधी किमान सहा ते आठ आठवड्यांचा सराव ठेवा. पहिले तीन आठवडे टच रग्बी, म्हणजे टॅकलऐवजी (चेंडूवाल्याला धरून पाडण्याऐवजी) नुसता स्पर्श. त्यानंतर टॅकल शिकवा. वर्ल्ड रग्बीचा ‘टॅकल रेडी’ हा कार्यक्रम पाच पायऱ्यांत टॅकल शिकवतो: समोरच्याचा माग काढणं, तयारी, भिडणं, पाय रेटत राहणं आणि शेवट. क्रम मोडू नका. गुडघ्यावर बसून, मग चालत, मग निम्म्या वेगाने, मग पूर्ण वेगाने. डोकं कायम चेंडूवाल्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कमरेखाली टेकलेला, डोळे उघडे. ज्याचं डोकं दहापैकी एकदाही समोर जातं त्याला चाचणीच्या टॅकल सत्रात घेऊ नका, मग तो कितीही वेगवान असो.

दिवस, मैदान, सामान

जून ते सप्टेंबर विसरून जा. चवथ होऊन पाऊस पुरता ओसरला की ऑक्टोबर अखेरपासून जानेवारी अखेरपर्यंतचा काळ बरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, एप्रिल-मे मध्ये दमट उकाडा. सकाळी साडेसहाला मुलं हजर, सातला सुरुवात, साडेनऊला बंद, उरलेलं चारनंतर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर दव असतं. आठपर्यंत चेंडू निसटतो आणि पायही घसरतो, म्हणून धावण्याच्या वेळा आठनंतर घ्या. निसटत्या चेंडूवर कोण शांत राहतं ते त्याआधीच्या तासात फुकटात दिसतं.

मैदान म्हणजे तुमच्या तालुक्यातलं फुटबॉलचं मैदानच. ते आडवं-उभं चालून पाहा. जांभ्याचे खडे, पाण्याच्या फवाऱ्याची तोटी, कडेचं गटार, गोलपोस्ट. रेषेबाहेर सगळीकडे किमान पाच मीटर मोकळं हवं. फुटबॉलच्या पोस्टना फोम बांधा किंवा खेळाची रेषा आत घ्या. रग्बीचे पोस्ट नसतील तर दोन सरळ बांबू ५.६ मीटर अंतरावर पुरा, तीन मीटर उंचीवर दोरी ताणा आणि बुंध्याला माणसाच्या उंचीइतकं फोम गुंडाळा. किक मारणाऱ्यांची परीक्षा त्यावर नीट होते.

छत्तीस मुलांसाठी लागणारं सामान:

- पाच नंबरचे १२ चेंडू, ६० कोन, १ ते ३६ आकड्यांचे चार रंगांतले बिब (प्रत्येक रंगाचे नऊ)
- चार टॅकल शील्ड (सरावात हातात धरायच्या गाद्या), ५० मीटरची टेप, तीन स्टॉपवॉच, वजनकाटा, भिंतीला लावायची उंचीपट्टी
- २० लिटरचे पाच-सहा जार पाणी, ओआरएस, २० किलो बर्फ, प्रथमोपचार पेटी, स्ट्रेचर, मानेचा पट्टा
- तिवईवर एक फोन, मध्यरेषेच्या सरळीत आणि जमेल तितक्या उंचीवर

माउथगार्ड प्रत्येकाने स्वतःचं आणायचं. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचे मिळतात, तेवढे पुरेसे आहेत. मात्र ते आदल्या दिवशी घरी बसवून घ्यायला सांगा. सकाळी मैदानावर थर्मास फिरवत बसलात की अर्धा तास गेलाच. माउथगार्ड नाही तर टॅकल नाही, यात सवलत नको.

फिजिओ किंवा डॉक्टर मैदानावर हवाच. १०८ ला आदल्या दिवशी कळवा, गाडी आत कुठल्या फाटकाने येईल ते ठरवा आणि त्या फाटकाची चावी कुणाच्या खिशात आहे हे माहीत करून घ्या. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो. रविवारी सकाळी बंद फाटकासमोर रुग्णवाहिका उभी राहिली म्हणजे वाटत नाही.

समिती

तीन किंवा पाच जण. मुलींच्या चाचणीत किमान एक महिला निवडकर्ती आणि एक महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे. मुलींचा संघ बाहेर जातो तेव्हा महिला प्रशिक्षक सोबत हवी अशी भारतीय क्रीडा प्राधिकरणाचीही सूचना आहे. आपल्या क्लबच्या किंवा घरच्या खेळाडूला कुणी गुण द्यायचे नाहीत. गोवा लहान, सगळे एकमेकांना ओळखतात; नात्यातला कुणी नाही असं गृहीत धरण्यापेक्षा आधीच लेखी घेतलेलं बरं. फोनही येतील, पंचायतीच्या पंचांचे, नगरसेवकांचे, कधी त्याहून वरचे. त्याला उत्तर एकच, चाचणीची तारीख आणि वेळ.

निवडकर्त्यांनी एकत्र उभं राहू नये. एक जण चेंडूभोवतीचा खेळ पाहील, दुसरा बचावाची रेषा, तिसरा फक्त चेंडूपासून लांब असलेले खेळाडू. हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि हे काम कुणाला नको असतं. दर सामन्याला जागा बदला. बोलायचं नाही, ओरडून सूचना द्यायच्या नाहीत, आणि नावं नाहीत, फक्त बिबचे आकडे. नावांची यादी व्यवस्थापकाकडे बंद पाकिटात.

मोजमाप, पण बेताने

उंची, बसून उंची, वजन, मग १० आणि ४० मीटर धाव, शेवटी ब्रोंको ही दमाची चाचणी. एवढं पुरे.

हाताच्या घड्याळाने घेतलेली १० मीटरची वेळ दोन दशांश सेकंद सहज चुकते, आणि एवढ्या छोट्या अंतरात तो फरक म्हणजे अख्खा क्रमच बदलला. शिट्टीवर सुरुवात करू नका. खेळाडूचा मागचा पाय हलला की घड्याळ चालू, छाती रेषेपार गेली की बंद. दोघांनी वेळ घ्यायची आणि सरासरी लिहायची. प्रत्येकाला दोन संधी. चढाच्या मैदानावर सगळे एकाच दिशेने पळू देत, आणि बूट असतील तर सगळ्यांना बूट.

ब्रोंकोला ०, २०, ४० आणि ६० मीटरवर रेषा आखा. शून्यापासून २० ला जाऊन परत, ४० ला जाऊन परत, ६० ला जाऊन परत. ही २४० मीटरची एक फेरी झाली. अशा पाच, न थांबता, म्हणजे १२०० मीटर. रेषेवर पाय टेकलाच पाहिजे. नऊ-नऊच्या गटात पळवा आणि प्रत्येकाला एक मोजणारा जोडीदार द्या, नाहीतर चौथी फेरी की पाचवी यावर वाद होतो. ढोबळ मानाने, मुलगा पाच मिनिटांच्या आत आणि मुलगी साडेपाचच्या आत आली तर सेव्हन्सच्या दमाला हरकत नाही. पण हा आकडा चाळणी म्हणून वापरू नका. दम तीन महिन्यांत वाढतो. खेळाची समज वाढायला वर्षं जातात. दोघं अगदी बरोबरीत असतील तेव्हाच हा कागद उघडा.

उंची-वजनाच्या शेजारी जन्ममहिनाही लिहा, त्याला कारण आहे. मुलं साधारण तेरा ते पंधरात झपाट्याने वाढतात, मुली त्याच्या दोनेक वर्षं आधी. लवकर वाढलेला पंधरा वर्षांचा मुलगा मैदानावर राक्षसासारखा खेळतो. अठराव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात आणि त्याच्याकडे दुसरं हत्यार नसतं. शिवाय वयाच्या सीमारेषेनंतर लगेच जन्मलेल्यांना जवळजवळ वर्षाचा फायदा मिळतो. यादी झाल्यावर जन्ममहिने मोजा. बारापैकी आठ-नऊ जण पहिल्या तिमाहीतलेच निघाले तर तुम्ही बहुधा खेळाडू नाही, वाढ निवडली आहे. सोडलेल्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा बघा.

खरी चाचणी: लहान खेळ, मग सामने

सुरुवातीला वीस मिनिटं अंग गरम करा. वर्ल्ड रग्बीचा ‘अ‍ॅक्टिव्हेट’ हा व्यायामक्रम दुखापती कमी करण्यासाठीच बनवलेला आहे, तो वापरा. मग दोन छोटे खेळ.

पहिला, तिघं विरुद्ध दोघं. पंधरा मीटर रुंद, वीस मीटर लांब पट्टा. इथे ट्राय (चेंडू समोरच्याच्या रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) किती झाल्या ते मोजू नका. चेंडूवाला बचावपटूच्या अंगावर जाऊन त्याला थांबवतो का, की आधीच पास देऊन मोकळा होतो? पास दिल्यावर तो उभा राहतो की आतून पुन्हा आधाराला येतो? डावा-उजवा दोन्हीकडे पास जातो का? प्रत्येकाला आठ-दहा वेळा मध्यभागी ठेवा. दोन-तीन वेळांवरून काहीच कळत नाही.

दुसरा, एकास एक टॅकल. पाच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब पट्टा, आधी निम्म्या वेगाने. डोकं कुठे आहे, भिडल्यावर पाय चालतात का, आणि टॅकलनंतर सोडून देऊन उभा राहून चेंडूवर हात घालतो का, एवढंच पाहायचं. धिप्पाडाला धिप्पाड लावा. वजनात पंधरा किलोंचा फरक असलेली जोडी लावून ‘हिंमत’ पाहण्याची हौस काहींना असते. त्यात हिंमत दिसत नाही, खांदे निखळतात.

मग सामने. छत्तीस जणांचे चार संघ, प्रत्येकी नऊ. सात मैदानात, दोघं बदलीला, दर हाफला बदल सक्तीचा. सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये दोन मिनिटं. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ म्हणजे सहा सामने, प्रत्येक संघाला तीन. ऊन चढलं असेल तर हाफ पाच मिनिटांचा करा. मात्र प्रत्येक संघाचे दोन सामने झाले की खेळाडू बदलून संघ विस्कटा. असं न केल्यास चांगल्या संघातला साधारण खेळाडू चमकतो आणि कमकुवत संघातला चांगला दिसतच नाही. एकाच जागेचे दोन दावेदार एकदा तरी समोरासमोर आले पाहिजेत, आणि एकदा एकाच संघात.

काय पाहायचं त्याचा एक नमुना. निळा १४ चेंडू घेऊन आत शिरला, टॅकल झाला, पडला. पडताना अंग वळवून चेंडू हातभर लांब मागे ठेवला. उठायला दोन सेकंद. चेंडू आता पलीकडच्या टचलाइनला गेला आहे. निळा १४ तिकडे बघत नाही, आपल्या अर्ध्यात मागे सरकतोय, कारण स्वीपर (मागे राखणीला राहणारा) पुढे गेलाय आणि मागे कुणीच नाही. वीस सेकंदांनी चेंडू हरवला, लाल संघाने मोकळ्यात किक मारली आणि तिथे निळा १४ उभा होता. ट्राय वाचली. चेंडूमागे डोळे फिरवणाऱ्या निवडकर्त्याच्या वहीत यातलं काहीही येणार नाही. त्याने लिहिलेलं असेल ‘१४, चेंडू हरवला नाही, ठीक’. लांबचं पाहणाऱ्या तिसऱ्या माणसाची गरज इथे असते.

एकाच सामन्यात तीन ट्राय करणाऱ्या विंगरची (कडेला खेळणाऱ्याची) दुसरी बाजूही बघा. चेंडू नसताना तो कंबरेवर हात ठेवून उभा असेल तर राष्ट्रीय शिबिरात तो पहिल्या दिवशीच परत येईल. सेव्हन्समध्ये एक माणूस थांबला की मैदानाचा सातवा हिस्सा उघडा पडतो.

डोक्याला मार

चाचणीत मुलं मार लपवतात. संधी जाईल ही भीती असते, म्हणून निर्णय त्यांच्यावर सोडायचा नाही. सावकाश उठणं, तोल जाणं, डोकं धरणं, शून्यात बघणं, सूचना न कळणं. यातलं एक जरी दिसलं तरी मूल मैदानाबाहेर, त्या दिवशी परत नाही. ‘आपण कुठल्या मैदानावर आहोत? आता कुठला हाफ चाललाय? शेवटची ट्राय कुणी केली?’ हे विचारून उत्तर चुकलं तर शंका पक्की. पण उत्तरं बरोबर आली म्हणून परत पाठवू नका. लक्षणं तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशीही येतात. मान दुखणं, हातपाय बधिर होणं किंवा मुंग्या येणं, पुन्हापुन्हा उलटी, आकडी, दोन-दोन दिसणं, वाढती डोकेदुखी ही रुग्णालयाची लक्षणं. मान दुखते म्हणत असेल तर प्रशिक्षित माणूस येईपर्यंत उचलू नका, हेल्मेटसारखी टोपी असेल तर काढू नका. कन्कशन (डोक्याच्या मारामुळे मेंदूला बसलेला धक्का) झालेल्या खेळाडूने किमान २१ दिवस सामना खेळू नये, आणि त्याने परतायचं तेही टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरच्या परवानगीनंतरच.

हे सगळं आधी जाहीर करा, आणि सोबत हेही: डोक्याच्या मारामुळे बाहेर गेलेल्याचा विचार आधीच्या खेळावरून आणि व्हिडिओवरून होईल. एवढं सांगितलं की लपवाछपवी बरीच कमी होते.

गुण आणि बैठक

पाच रकाने पुरतात: टॅकल, रकमधलं (जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्ही संघ एकमेकांना रेटतात त्या झुंजीतलं) काम, झेल आणि पास, निर्णय, चेंडू नसतानाचा खेळ. एक ते पाच गुण. शेवटच्या सामन्यानंतर प्रत्येकाने आपला कागद सही करून व्यवस्थापकाला द्यायचा, मगच चहा. आधी गप्पा झाल्या की सगळ्यात ज्येष्ठ माणसाचं मत सगळ्यांचं होतं.

बैठकीत सरासरीवर विसंबू नका. एकाने पाच आणि दोघांनी दोन दिले असतील तर सरासरी तीन निघते आणि प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात एकाला असं काही दिसलं आहे जे दोघांना दिसलं नाही, किंवा उलट. तिथे व्हिडिओ लावा.

बारा नावं वरून खाली गुणांनी भरायची नाहीत; संघ बसवायचा आहे. सेव्हन्सच्या सातात तीन फॉरवर्ड (स्क्रममध्ये, म्हणजे चेंडूसाठी एकमेकांना रेटणाऱ्या रांगांत, भिडणारे) आणि चार बॅक (मागे पसरून खेळणारे). बारात साधारण पाच-सात असं वाटप ठेवलं तर निभावतं. त्यात ड्रॉप किक मारणारे दोन, रीस्टार्टला (गुण झाल्यावर खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकला) उडी मारून झेलणारे दोन-तीन, लाइनआउटला (बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू परत आत टाकताना) फेकणारे दोन, स्क्रम हाफ (स्क्रममधला चेंडू उचलून पुढे खेळवणारे) दोन, आणि मागे राहून एकटा टॅकल करू शकणारा स्वीपर किमान एक. रीस्टार्टला एवढं महत्त्व का? सेव्हन्समध्ये ट्राय करणारा संघच पुन्हा किक मारतो. ती किक उंच आणि दहा मीटरच्या जरा पुढे पडली तर चेंडू परत तुमचा. दहा मीटरच गेली नाही तर समोरच्याला फ्री किक. फुटबॉलच्या मुलांना हे शिकवायला वेळ लागत नाही: चेंडू उभा, टोक किंचित स्वतःकडे झुकलेलं, कमरेखालून सोडायचा आणि टप्पा पडून वर येतानाच पाय लावायचा. गुणांत तेरावा आला पण त्याची किक भरवशाची असेल, तर तो बारात येऊ शकतो. त्याचं कारण लिहून ठेवा.

पंधरा जणांचा संघ असेल तर स्क्रमच्या पुढच्या रांगेचा (दोन प्रॉप आणि त्यांच्या मधला हुकर) प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. तेवीस जणांच्या संघात प्रॉप आणि हुकरच्या जागी खेळू शकणारे सहा जण लागतात. जाडा मुलगा म्हणजे प्रॉप नव्हे. मान आणि पाठ कशी ठेवायची, एकमेकांना कसं बांधून धरायचं हे शिकलेलं नसेल तर स्क्रममध्ये त्याला उतरवणं गुन्हा आहे. एकोणीस वर्षांखालच्या नियमात स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही, तरीही धोका पहिल्या भिडण्यातच असतो.

प्रत्येक निवडलेल्या आणि प्रत्येक वगळलेल्या नावापुढे एक वाक्य लिहा. बैठकीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या.

सांगायचं कसं

यादी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मग मुलांना, असं होऊ देऊ नका. वगळलेल्यांना त्याच दिवशी, एकेकाला, पालक किंवा शिक्षक जवळ असताना सांगा. ‘सर, माझं नाव का नाही?’ याला ‘पुढच्या वेळी बघू’ हे उत्तर होत नाही. ‘तुझा डावीकडचा पास तीनपैकी दोनदा पुढे गेला, आणि रकमधून उठायला तुला वेळ लागतो. हे दोन सुधार, मार्चनंतर पुन्हा ये,’ हे उत्तर झालं. बैठकीत लिहिलेलं वाक्य इथे कामाला येतं.

निवडलेल्यांच्या पालकांना लेखी द्या: तारखा, खर्च कोण करणार, मुक्काम कुठे, सोबत कोण, बारावीच्या प्रॅक्टिकलशी तारीख आदळते का. औषधांचंही सांगा. डोपिंगचे नियम अल्पवयीनांनाही लागू आहेत. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांतही स्पर्धेच्या काळात बंदी असलेलं द्रव्य असतं, आणि जिमवाल्याने दिलेल्या पावडरीत काय आहे ते जिमवाल्यालाही ठाऊक नसतं. कुठलंही औषध घेण्याआधी संघाच्या डॉक्टरला विचारायचं.

राष्ट्रीय शिबिरासाठी

खेळाडूंची नावं पाठवताना प्रत्येकाची फाइल जोडा: जन्मदाखला, पासपोर्टची प्रत, दुखापतींची नोंद, मोजमापं आणि दोन पूर्ण सामन्यांचा न कापलेला व्हिडिओ, सोबत खेळाडूचा बिब आकडा. गाणं लावलेल्या दोन मिनिटांच्या चित्रफितीवरून निवडकर्त्याला काही ठरवता येत नाही. पडल्यावर पोर कसं उठतं ते नेमकं त्यातून कापलेलं असतं.

राखीव नावं जागेप्रमाणे ठेवा: एक फॉरवर्ड, एक स्क्रम हाफ, एक बॅक. स्क्रम हाफचा घोटा मुरगळला आणि यादीत तेरावा विंगर असेल तर विंगर पाठवून उपयोग नाही. राखीव मुलांचे कागद आणि माउथगार्ड तयार असावेत, आणि संघ गाडीत बसेपर्यंत त्यांचा सराव बाकीच्यांसोबतच चालू ठेवा.